सभेत न वाचलेलं पान

४ फेब्रुवारी

बारक्या,

अठ्ठावन्नाचा झालास, केस पांढरे झाले, घरात जावई आला, तरी पत्राच्या वर हेच नाव येणार. राग आला तर आईवर काढ, तिने तुला शेवटी जन्माला घातलं.

आता कामाचं. आठवी ते दहावीचे वर्ग आपल्या भाषेत काढायचे तर खात्याची मान्यता लागते, हे तुला माहीत आहे. ती फाइल मी दोन वर्षं मागे लागून लागून अर्ध्यावर आणली. तपासणीस साहेब ऑगस्टमध्ये शेवटच्या पाहणीला येणार आहेत. ते मला ओळखतात. दुसरं कुणी बोलायला लागलं की घड्याळ बघतात. आणि नेमकी माझी अध्यक्षपदाची दुसरी मुदत एप्रिलमध्ये संपते. तीन-तीन वर्षांच्या दोन मुदती, तिसरी नाही, हा आपलाच नियम. पत्र्याच्या शेडमध्ये नऊ जणांनी बसून केलेला. सव्वीस वर्षं झाली रे त्याला. त्या नवांतले आता तू आणि मी उरलो.

तर मी ठरवलंय, म्हणजे सगळ्यांनीच ठरवलंय, की या सभेत तो नियम बदलायचा. अध्यक्षाला मत नसतं. अकरा वस्त्यांचे पाच-पाच मिळून पंचावन्न सभासद, त्यांची दोन तृतीयांश म्हणजे सदतीस मतं लागतील. मिळतील. अकराही वस्त्या फिरून आले. एकाही माणसाने 'नाही' असा शब्द काढला नाही. एका वस्तीत तर मी बोलत होते तेव्हा इतकी शांतता होती की मलाच भरून आलं. कधीकाळी आपल्याला आपल्या भाषेत बोललो म्हणून सरकारी शाळेच्या ओट्यावर उन्हात उभं करत होते. आज आपलीच माणसं आपल्याच शाळेत आपलं म्हणणं इतकं कान देऊन ऐकतात. अजून काय पाहिजे माणसाला?

तू ये. येऊन दोन शब्द बोल. इथे राहत नाहीस म्हणून तुला मत नाही, पण पहिल्या वर्गाला पहिलं अक्षर तू शिकवलंस हे कुणी विसरलेलं नाही. नाहीच जमलं तर सभेला पत्र लिही. 'ताईला राहू द्या' एवढंच लिहिलंस तरी पुरे. चार ओळींचं काम आहे, उगाच पुस्तक लिहू नकोस.

स्वयंपाकवाल्या मावशी विचारत होत्या तुला. गणितवाली नदीपलीकडच्या शाळेत छान रमली आहे. गुडघ्याला तेल लावतोस ना?

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. इकडे सगळे बरे आहेत. लेक तुला नमस्कार सांगते. छापखान्यात सध्या नव्या पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम जोरात आहे, दिवसभर डोळ्यांना भिंग लावून बसतो. दुसऱ्यांच्या भाषेतल्या चुका काढून काढून माझी आपल्या भाषेतली लिहायची सवय मोडत चालली आहे, तेवढं सांभाळून घे.

येण्याचं कठीण दिसतं. गुडघा आहेच. बसचा नऊ तासांचा प्रवास आणि वर ती चढण. डॉक्टरांनी नको म्हटलंय.

पत्राचं म्हणशील तर विचार करतो. घाई करू नकोस.

एक विचारू? गणितवाली नदीपलीकडे कशी गेली? तिचं घर शाळेच्या मागेच होतं. म्हातारी आई होती तिची, ती कुणाजवळ असते आता? मला वाटलं होतं आठवीचे वर्ग निघाले की गणित तीच बघेल. सहज विचारलं.

बारक्या


२४ फेब्रुवारी

बारक्या,

विचार कसला करतोस? मी काय तुझ्याकडे स्थळ आणलंय?

चार ओळी मागितल्या तर मलाच उलटे प्रश्न. बरं, ऐक. दोन वर्षांपूर्वीच्या सभेत गणितवाली उभी राहिली आणि म्हणाली, शिक्षक निवडायच्या समितीत वस्त्यांची तीन माणसं असावीत असा नियम आहे, मग अध्यक्ष त्यात का बसतात? सगळ्यांसमोर. मी शांतपणे सांगितलं की बाई, माणसं निवडायला डोळा लागतो, आणि तो एका दिवसात येत नाही. तेवढ्यावर विषय संपला. पुढच्या महिन्यात नदीपलीकडच्या शाळेला गणिताचं माणूस हवं होतं, तिला पाठवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. आई तिच्याबरोबरच आहे. घाटावरून होडी चालते, अगदी जगाच्या टोकाला नाही पाठवलेलं. आणि ती एका शब्दाने तक्रार करत नाही. तूच शहरात बसून नसत्या शंका काढतोस.

सभा वीस मार्चला आहे. पत्र त्याआधी पोचव. नियम लक्षात आहे ना? न आलेल्या माणसाचं पत्र सभेत त्यानेच वाचायचं, जो त्या पत्राच्या सगळ्यात जास्त विरोधात असेल. तुमचीच डोकेबाज कल्पना. का, तर विरोधकाचं म्हणणं एकदा स्वतःच्या तोंडून निघालं की माणूस ते नीट ऐकतो. तू तेव्हा किती खूश झाला होतास! आता चिटणिसाच्या डोक्याला ताप झालाय. तो म्हणाला, ताई, तुमच्या बाजूने भाऊंचं पत्र येणार, ते वाचायला आपल्यात विरोधक आणायचा कुठून? मी म्हटलं, शोध एखादा भाड्याने. सगळे इतके हसले!

लिही लवकर.

ताई


६ मार्च

ताई,

सभेसाठी लिहिलेलं पत्र सोबत वेगळ्या पाकिटात आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. तू आधी वाचशील म्हणूनच नाही चिकटवलं.

विरोधक शोधायची गरज पडणार नाही. ते पत्र तुलाच वाचावं लागेल.

हे लिहायला मला आठवडा लागला. पाच वेळा फाडलं. तू रागावशील हे मला कळतं. तरी सगळं वाच. तीनही पानं वाच, ताई.

बारक्या


(सोबतचं पत्र)

सर्वसाधारण सभेस,

अकरा वस्त्यांच्या सभासदांना माझा नमस्कार. मी इथल्या पहिल्या वर्गाचा शिक्षक. येऊ शकलो नाही, म्हणून लिहितो.

मुदतीचा नियम बदलू नये, असं माझं म्हणणं आहे. ताईने संस्थेसाठी जे केलं ते मी जवळून पाहिलंय. पावसात गळणाऱ्या वर्गावर ती स्वतः शिडी लावून चढली आहे. तिच्याइतकी या शाळांसाठी कुणीही झिजलेली नाही. प्रश्न ती चांगली की वाईट, हा नाही.

आपण शाळा काढली तेव्हा दोन गोष्टी ठरवल्या. मुलं आपल्या भाषेत शिकतील, आणि शाळा कशी चालायची ते आपली माणसं एकत्र बसून ठरवतील. आपल्या आधी आपल्या वतीने सगळं दुसरेच ठरवत होते, तेही अनेकदा आपल्या भल्यासाठीच. फक्त पहिली गोष्ट राहिली आणि दुसरी गेली, तर आपण सरकारी शाळाच आपल्या भाषेत चालवतोय, एवढाच त्याचा अर्थ होईल.

तपासणीस साहेब एकाच माणसाला ओळखत असतील, तर आपण दुसऱ्या कुणाला त्यांच्यासमोर कधी बसवलंच नाही, असा त्याचा अर्थ आहे. ते आता बसवावं. चुकेल एखादा, चुकू द्यावा. आम्हीही चुकलो होतो.

आता शेवटचं. हे लिहायला मला जड जातंय. दोन वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने सभेत नियमाला धरून प्रश्न विचारला. महिन्याभरात तिची बदली झाली. त्यानंतरच्या चार सभांची इतिवृत्तं माझ्याकडे आली आहेत. चारही सभांत ताईच्या म्हणण्याविरुद्ध कुणी एक वाक्यही बोललेलं नाही. पूर्वी आपल्या सभा सकाळी सुरू होऊन तिसऱ्या प्रहरी संपायच्या, इतकी भांडणं व्हायची. आता तासात संपतात. ताईला वाटतं की लोकांना तिचं पटतं. मला वाटतं, लोक तिला घाबरतात. आपण मत उघड देतो. बाजूचे खिडकीच्या भिंतीला, विरोधातले दाराच्या भिंतीला. लपून मत द्यायचं नाही, हा नियम आम्हीच केला आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. पण तेव्हा आम्ही नऊ जण सारखे होतो, कुणी कुणाची बदली करू शकत नव्हतं. आमचं चुकलं. म्हणून विनंती आहे, की आजचं मत ताई खोलीत नसताना घ्यावं.

आपला,
पहिल्या वर्गाचा मास्तर


२२ मार्च

बारक्या,

सभा झाली. नियम बदलला, तिसरी मुदत मलाच मिळाली. बाजूने अडतीस, विरोधात सतरा. म्हणजे लागत होती त्यापेक्षा एक जास्तच.

हॉल नुकताच रंगवून घेतला आहे. बाकं पुरली नाहीत म्हणून सातवीच्या वर्गातली आणली. चहा मावशींनी दोनदा केला. नदीपलीकडची माणसं होडीने उशिरा आली, म्हणून अर्धा तास थांबलो. बाहेर मुलांनी फार गोंगाट केला, शेवटी खिडक्या लावून घेतल्या.

तुझं पत्र मीच वाचलं. उभं राहून वाचलं. आवाज कापला नाही, हे तुला सांगते. शिडीचं वाचताना चार बायकांनी डोळे पुसले. लोकांनी नीट ऐकलं आणि मग मत दिलं. लोकशाही म्हणतात ती हीच ना? तुझं म्हणणं पोचलं, लोकांना पटलं नाही, संपलं.

मी रागावलेली नाही. सख्ख्या भावाने सभेत माझ्याविरुद्ध लिहावं आणि मी ते उभं राहून वाचावं, याचं लोकांनी कौतुकच केलं. तुझं पत्र जरा लांब होतं, एवढंच.

ऑगस्टची तयारी सुरू करते. पत्र नाही लिहिलं तर समज कामात आहे.

ताई


२ एप्रिल

ताई,

चिटणिसाने इतिवृत्त पाठवलं. माझ्या पत्रातले मुद्दे त्याने क्रमाने लिहिले आहेत. एक, अध्यक्षांचं काम. दोन, शाळा कुणी चालवायची. तीन, तपासणीस साहेबांसमोर इतरांना बसवणं. तिथे संपलंय. त्याच्याखाली एक ओळ आहे, 'मूळ पत्र अध्यक्षांकडे.'

चिटणीस कधी काही गाळत नाही. कोण किती वाजता उठून गेलं हेसुद्धा लिहितो.

पत्र वाचून झालं की चिटणिसाकडे द्यायचं असतं. ते तुझ्याकडे कसं राहिलं?

मी कुणाला काही विचारणार नाही, चिटणिसालाही नाही. मला उत्तर नको असेल तर देऊ नकोस. फक्त एवढं सांगायचं होतं की मला माहीत आहे.

बारक्या


१९ मे

बारक्या,

दीड महिना झाला. रोज लिहायला बसायचे आणि कपाटं आवरायला उठायचे. कपाटं लखलखीत झाली आहेत.

तिसरं पान मी वाचलं नाही.

घरी वाचलं होतं. तीनदा वाचलं. इतकी चिडले होते की तुझा फोटो भिंतीवरून काढून ठेवला, हेही सांगते. पण सभेत वाचायचं असंच ठरवून गेले होते. शपथेवर सांगते, ठरवून गेले होते. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. 'आम्हीही चुकलो होतो' या वाक्याला दुसरं पान संपतं. तिथे मी वर बघितलं. पंचावन्न माणसं माझ्याकडे बघत होती. एकाच्याही चेहऱ्यावरून मला काही कळेना. बारक्या, या लोकांना मी सव्वीस वर्षं ओळखते, कुणाच्या घरी चूल कशी मांडलीय ते ठाऊक आहे मला, आणि त्यांच्या मनात काय आहे ते मला कळेना. मी कागदांची घडी घातली, म्हणाले, 'आपला, पहिल्या वर्गाचा मास्तर', आणि खाली बसले. पत्र पिशवीत टाकलं. चिटणिसाने हात पुढे केला होता. मी बघितलं त्याच्याकडे. त्याने हात मागे घेतला.

त्याने हात का मागे घेतला, हे मी दीड महिना स्वतःला विचारतेय.

मतं दिली तेव्हाही मी तिथेच होते, समोर. अडतीस जण खिडकीकडे गेले. जाताना बरेच जण आधी माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी मला ते प्रेम वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात नदीपलीकडे गेले. कुणाला न सांगता. गणितवालीचा तास चालू होता, मी दाराबाहेर उभी राहिले. तिने पोरांना दोन रांगांत उभं केलं होतं आणि ती अपूर्णांक शिकवत होती, आपल्या भाषेत. पाव, अर्धा, पाऊण याला आपल्याकडे जे शब्द आहेत ना, आजी वापरायची ते, ते तिने कुठून कुठून गोळा केलेत. पोरं हसत हसत शिकत होती. मी असं गणित शिकवताना कुणालाच पाहिलेलं नाही. आणि ही आपली सगळ्यात चांगली शिक्षिका मी एकोणीस मुलांच्या शाळेत नेऊन ठेवली.

मला बघितल्यावर ती गडबडली. पोरांना बसवलं, पदर सारखा केला, 'ताई, काही चुकलं का?' म्हणाली. तोंडातून पहिला शब्द हा.

मी विचारलं, 'सभेत तू काही बोलली का नाहीस?'

ती म्हणाली, 'बोलले होते ना एकदा.'

रागाने नाही म्हणाली. अगदी साधं म्हणाली, एखाद्याने जेवलीस का विचारावं आणि जेवले म्हणावं तसं. मग तिच्या आईने मला पाणी दिलं. म्हातारीला होडीची भीती वाटते. दोन वर्षांत ती एकदाही अलीकडे आलेली नाही. तू फेब्रुवारीत विचारलं होतंस आणि मी तुला लिहिलं, होडी चालते म्हणून.

नऊ जूनला खास सभा बोलावली आहे. कारण लिहिलेलं नाही. तुझं तिसरं पान वाचणार आहे.

ताई


११ जून

बारक्या,

सगळं जसं झालं तसं लिहिते. मध्ये थांबले तर पुढे लिहायची नाही.

पंचावन्नही आले होते. मी उभी राहिले आणि सांगितलं, मार्चच्या सभेत मी तुम्हाला फसवलं, भावाचं एक पान लपवलं, आता वाचते. वाचलं. या वेळी आवाज कापला. 'लोक तिला घाबरतात' हे वाक्य दोनदा वाचावं लागलं, पहिल्यांदा निघालंच नाही.

वाचून झालं. मी म्हटलं, 'बोला की! खरं आहे का हे?' सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग मी काय केलं असेल? म्हटलं, 'ज्यांना माझी भीती वाटते त्यांनी दाराच्या भिंतीकडे जा.' हुकूम सोडला. भीती वाटते का ते सांगा असा हुकूम! कोण हलणार? एक बाक वाजलं नाही.

तेव्हा स्वयंपाकवाल्या मावशी उठल्या. त्या यंदाच आपल्या वस्तीच्या सभासद झाल्या आहेत. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, 'ताई, तू बाहेर जा गं जरा.'

सव्वीस वर्षांत मला कुणी बाहेर जा म्हणालं नव्हतं. मी गेले. दार मावशींनीच लावलं.

बाहेर पायरीवर बसले. ऊन होतं. आत आधी काहीच ऐकू येईना. मग एक बाक सरकलं. मग अजून एक. मग पावलं. दाराच्या भिंतीच्या बाहेरच बसले होते ना, पावलं माझ्या पाठीशी येऊन थांबत होती. मी मोजायला लागले आणि मग सोडून दिलं. कुणाची चप्पल कशी वाजते ते मला ओळखू येतं रे. ती गणितवालीची. ती चिटणिसाची. तो आपल्या शेजारचा सुतार, ज्याच्या मुलीचं लग्न मी जमवलं. तोही. मी तिथे पायरीवर बसून रडले. लोक माझ्यावर रागावले असते तर मी भांडले असते. पण घाबरलेल्या माणसाशी कसं भांडायचं?

मला आत बोलावलं तेव्हा सगळे आपापल्या जागी बसले होते. कोण कुठे होतं ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चिटणिसाने नुसता आकडा वाचला. चौतीस.

मी राजीनामा दिला. मार्चचा ठराव त्यांनी रद्द केला. यापुढे मत चिठ्ठीवर, असं ठरलं. यावर दोन तास भांडण झालं, तुला ऐकायला आवडलं असतं. सुतार म्हणाला, चिठ्ठी म्हणजे भित्र्यांचं काम. मावशी म्हणाल्या, मग मघाशी तू कुठे उभा होतास? निवडणूक पुढच्या महिन्यात. गणितवालीला परत बोलवायचं की नाही ते तीन माणसांची समिती तिलाच विचारून ठरवणार आहे. तपासणीस साहेबांसमोर कोण बसणार ते अजून ठरायचंय. मान्यता मिळेल की नाही, मला माहीत नाही. फाइल अडकली तर ती माझ्यामुळे अडकली असेल, हेही मला माहीत आहे.

चौतीस, बारक्या. पंचावन्नांत चौतीस. आणि त्यांतला प्रत्येक जण मला भेटला की हसून नमस्कार करायचा.

ताई


२० जून

ताई,

तुझं पत्र लेकीसमोर उघडलं आणि वाचता वाचता उठून गॅलरीत गेलो.

मी तुझ्याजवळ खोटं बोललो. डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलेलं नाही. गुडघा दुखतो, पण मी रोज छापखान्यात चालत जातो, येताना तीन मजले चढतो. रजाही मिळाली असती. मी मालकाकडे मागितलीच नाही.

जे मी पत्रात लिहिलं ते मला तुझ्यासमोर उभं राहून बोलता आलं नसतं. लहानपणापासून नाही आलं कधी. आठ वर्षांपूर्वी मी शाळा सोडून इकडे आलो तेव्हा सगळ्यांना सांगितलं की बायकोच्या औषधपाण्यासाठी जातो. ते खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. तेव्हा मुख्याध्यापिका म्हणून तू मला न विचारता माझा पहिला वर्ग काढून घेतला होतास, ऑफिसात बसवलं होतंस आणि म्हणाली होतीस, तुझ्या भल्यासाठीच करतेय. मी हो म्हटलं. हसून म्हटलं. आणि सहा महिन्यांनी गाव सोडलं.

मग शहरात बसून तीन पानं लिहिली. लोकांना सांगितलं, न घाबरता बोला. आणि ते सांगायचं ओझं तुझ्याच गळ्यात घातलं, तूच वाच म्हणून. नियम होता खरा. पण मला त्या नियमाच्या आड लपायला मिळालं. मी तिथे असतो तर ते पान तुझ्या हातात आलंच नसतं. तुला लपवायलाही काही उरलं नसतं. त्या पानाचं जे झालं त्यात माझा वाटा आहे, तो तू एकटीने उचलू नकोस.

चिटणिसाला सांग, आकडा चुकलाय. पस्तीस लिही म्हणावं.

बारक्या


१ जुलै

बारक्या,

चिटणिसाकडे गेले. म्हटलं, इतिवृत्तात पस्तीस कर. तो म्हणाला, सभेत चौतीसच होते, जो हजर नव्हता त्याला कसा मोजू? नियमाला धरूनच बोलला. माझ्या तोंडावर मला नाही म्हणाला! मी दारातून मागे फिरले आणि रस्ताभर हसले, मग घरी येऊन रडले.

तुझा वर्ग मी काढून घेतला ते मला आठवत होतं. तू हसून हो म्हणालास हे आठवत होतं. मला वाटायचं, माझा भाऊ किती समजूतदार. आठ वर्षं लोकांना तसंच सांगत आले.

निवडणुकीला मी उभी नाही. अध्यक्ष नाही म्हणून आता मत आहे, तेवढं देणार. पहिल्या वर्गाला बाई नाही, समितीने विचारलं तर शिकवीन, नाही विचारलं तर घरी बसेन.

तू ये. सभा नाही, ठराव नाही, कुणाला बाजूने बोलायचं नाही. नऊ तास बसमध्ये बस, चढण चढ, दुखू दे गुडघा. त्या वर्गाबद्दल तेव्हा जे बोलायचं होतं ते माझ्यासमोर उभं राहून बोल. पत्र नको आता. मी चिडेन, मला माहीत आहे, कदाचित ओरडेनही. तू बोलत राहा. मी ऐकून घेईन.

ताई